तपासणाऱ्याचा रकाना

संस्थेत तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठ वळली की टोचणीबाई. हे नाव पिंजरेवाल्या मामांनी ठेवलं, हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिने मामांना बोलावून सरळ विचारलं, "मला टोचणीबाई कोण म्हणतं?" मामा म्हणाले, "सगळेच." "सुरुवात कुणी केली?" "मी." त्यानंतर त्या दोघांचं कधी पटलं नाही. पण आयुष्यात ज्या चार-दोन माणसांच्या शब्दावर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यांत मामा होते.

नाव काही चुकीचं नव्हतं. सत्तावीस वर्षं तिने पांढऱ्या उंदरांच्या तळपायांना खालून नायलॉनचे केस टोचले. आधी उंदराला भूल देऊन मांडीतल्या नसेभोवती सैल दोरा बांधायचा. दोन आठवड्यांत जखम भरून येते, पण आतली नस चिडलेली राहते. मग उंदराला तारेच्या जाळीवर उभं करायचं आणि जाळीखालून एकेक केस पायाला लावायचा, आधी बारीक, मग जाड, मग त्याहून जाड. धडधाकट उंदीर बारीक केसाकडे ढुंकूनही बघत नाही. चिडक्या नसेचा उंदीर त्याच केसाला पाय झटकतो आणि चाटत बसतो. कुठल्या केसाला पाय उचलला ते वहीत लिहायचं. एवढंच काम, आणि ते नीट करायला माणसाकडे दगडाचा धीर लागतो. तिच्याकडे तो उंदरांपुरता होता. माणसांना टोचायला तिला केसाचीही गरज पडत नसे.

लग्नासाठी बघायला आलेल्या एका गृहस्थांनी तिला विचारलं होतं, उंदरांना दुखत नाही का? ती म्हणाली, "दुखतं. म्हणून तर." गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. आईने पुढे वर्षभर त्या अर्ध्या कपाची आठवण काढली.

जखम बरी आणि दुखणं चालू, हा प्रकार तिने पुस्तकात वाचायच्या आधी घरात पाहिला होता. तिचा दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. एकविसाव्या वर्षी तो खिडक्यांच्या काचा कापायच्या दुकानात कामाला होता. एके दिवशी पुरुषभर उंचीची काच मांडणीवरून घसरली. दुसरा कुणी असता तर बाजूला झाला असता, याने धरायला हात पुढे केला. डावं मनगट आतल्या बाजूने कापलं गेलं. इस्पितळात नस जोडली, कातडी शिवली, पुढे टाके निघाले, आणि डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "झकास भरलंय." बाबांना हे वाक्य फार आवडलं. दादाने तोंड वाकडं केलं की ते त्याला तेच ऐकवायचे.

दादाचा हात मात्र जळत होता. शर्टाची बाही लागली तरी जळायचा, पंख्याचा वारा लागला तरी जळायचा. बाही कोपरापर्यंत दुमडून, हात अंगापासून लांब धरून, मनगटावर ओला टॉवेल टाकून तो आतल्या खोलीत बसून राहायचा. घरात आधी कीव आली, मग कंटाळा आला आणि मग राग. आई म्हणायची, "काम टाळायचंय, दुसरं काय." त्याच्या वाटणीची कामं धाकटीच्या गळ्यात पडली. दोन मजले पाण्याच्या बादल्या चढवताना तिच्या मनात एकच विचार असायचा, हा ढोंगी आहे आणि मी हे सिद्ध करणार आहे.

तिची युक्ती सोळा वर्षांच्या मुलीच्या मानाने चांगली होती. झोपेत माणसाला नाटक करता येत नाही. एका दुपारी दादाचा डोळा लागला तेव्हा तिने उशीतून एक पीस ओढून काढलं, टॉवेल अलगद उचलला आणि ते पीस मनगटावरून फिरवलं.

दादा असा ओरडला की खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. त्याने उजव्या हाताने तिच्या थोबाडीत दिली आणि मग भिंतीकडे तोंड करून रडला. ती पीस हातात घेऊन उभी राहिली. तिला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली तिला आनंदही झाला होता, कारण आता तिला कळलं होतं. दादाने हे तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. थप्पड तो विसरला असता, हे कधी विसरला नाही.

संध्याकाळी तिने आईबाबांना सांगितलं, "दादा खोटं बोलत नाही. मी तपासलंय." बाबा म्हणाले, "आता ओरडायलाही लागला का?" एवढाच उपयोग झाला. पुढे ती शिकली, आणखी शिकली, आणि सव्विसाव्या वर्षी दुखण्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत लागली. दादा तेव्हा त्याच काचेच्या दुकानात बसून चौकटींची मापं लिहायचा. तिने बातमी सांगितली तेव्हा तो म्हणाला, "तुला सवय होतीच. आता पगारी झाली."

संस्थेत तिच्यावर साहेब होते. साहेब म्हणजे उंचपुरा, देखणा, जोरकस माणूस. लिफ्टमध्ये आजारी माणसांनी बसावं असं त्यांचं मत होतं. पाच मजले पायांनी चढून घामाघूम होऊन यायचे, तसाच अ‍ॅप्रन अंगावर चढवायचे आणि कामाला लागायचे. त्यांनी एक औषध शोधलं होतं. दुखावलेल्या नसेची आग त्याने विझते असं त्यांचं म्हणणं होतं, आणि वह्यांमध्ये तसंच दिसत होतं.

काम करायची साहेबांची रीत ठरलेली होती. औषध न दिलेले उंदीर सकाळी हाताखालच्या मुली तपासायच्या. औषध दिलेले उंदीर दुपारी साहेब स्वतः तपासायचे. "मुद्द्याची गोष्ट मुलींच्या हातावर कशी सोडणार?" असं ते हसत म्हणायचे आणि मुलीही हसायच्या. तपासणाऱ्याला कुठला उंदीर कसला हे कळू नये म्हणून पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या लावलेल्या असत. पण दुपारचा पिंजरा औषधाचा, हे दारावरच्या रखवालदारालाही ठाऊक होतं. वहीत शेवटचा एक बारीक रकाना होता, तपासणाऱ्याचा. त्यात सकाळी ‘मु’ आणि दुपारी ‘सा’ असं लिहायचं. निबंध छापायला गेला तेव्हा साहेबांनी तो रकाना काढून टाकला. वाचणाऱ्याला काय करायचंय, टोचलं कुणी ते.

तिने एकदा सगळे उंदीर, औषधाचे आणि बिनऔषधाचे, स्वतःच तपासले. दोहोंत काडीचाही फरक आला नाही. तिने पुन्हा केलं. सहा वेळा केलं. सातव्या दिवशी ती वही घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी पानं चाळली, खोलीत दहा माणसं असताना तिचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हात जड आहे तुझा. काही बायकांचा असतो." सगळे हसले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती म्हणाली एवढंच, "मग माझं नाव त्या निबंधावर घालू नका."

साहेब चिडले नाहीत. चिडणं हे त्यांच्या मते खालच्या माणसांचं काम. "तुला खालीच बरं वाटेल," असं म्हणून त्यांनी तिला तळघरात पाठवलं, जिथे मोडक्या खुर्च्या आणि जुने कागद टाकायचे त्या खोलीत. अकरा वर्षांच्या नोकरीनंतर तिच्या वाट्याला एक टेबल, एक जाळी, वरच्या खिडकीतून दिसणारी लोकांची पावलं आणि रद्दीचा एक गठ्ठा आला. टेबल उंच होतं म्हणून तो गठ्ठा तिने पायांखाली घेतला.

सोळा वर्षं ती तिथे होती. वर साहेबांचं नाव मोठं होत गेलं. एका औषध कंपनीने त्यांचं औषध उचललं. जगभर लोकांनी तो प्रयोग करून पाहिला. काहींना जमला, काहींना जमला नाही. ज्यांना जमला नाही त्यांचे हात जड होते. जिन्यात साहेबांचा सत्काराचा, गळ्यात हार घातलेला फोटो लागला. ती येताजाता त्या फोटोकडे पाठ करून चढायची, आणि जिन्यात असं चढता येत नसल्यामुळे दोनदा पडली. लोक म्हणत, बाई कडवट झाली. ती आधी गोड होती असं मात्र कुणी म्हणत नसे.

मग एकदा मामांचा गुडघा सुजला. पिंजरे खाली आणून ठेवले की मामांनी खोलीबाहेर व्हायचं हा तिचा नियम होता, कारण मामा सतत गुणगुणायचे आणि ते तिला सहन व्हायचं नाही. त्या दिवशी मामा हलेनात. कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीवर पाय लांब करून बसले आणि म्हणाले, "टोचा तुम्ही. मी बघत नाही."

ती टोचू लागली आणि उंदीर ढिम्म. काल ज्या केसाला उडी मारत होते त्या केसाला आज पायही हलवेनात. तिने केस तराजूवर दाबून पाहिला, जोर तेवढाच होता. दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत आणि उंदीर पुन्हा पाय झटकू लागले. तिसऱ्या दिवशी मामा येऊन बसले आणि उंदीर पुन्हा दगड.

"मी बसलो की गप्प होतात," मामा म्हणाले. "माझा धाक आहे. तुम्हालाही असता तर बरं झालं असतं."

"बाहेर व्हा," ती म्हणाली.

मामा लंगडत दारापर्यंत गेले असतील, तेवढ्यात ती जागच्या जागी उभी राहिली. "मामा, आत या."

"आत्ता तर काढलंत."

"आत या आणि बसा. आणि गुणगुणू नका."

पुढचे तीन महिने तिने दुसरं काही केलं नाही. मामा आत, मामा बाहेर. मग मामांऐवजी खुर्चीवर मामांचा घातलेला शर्ट. शर्टही पुरला. मामांच्या बायकोची ओढणी ठेवली तर काही नाही, वरच्या एका मुलीचा स्वेटर ठेवला तर काही नाही. पुरुषाच्या घामाचा वास आला की उंदीर भेदरायचे, आणि भेदरलेल्या जिवाचं शरीर दुखणं आतल्या आत दाबून टाकतं. जीव वाचवायच्या वेळी पाय चाटत बसायला सवड नसते.

शनिवारी वरच्या मजल्यांवरचे अ‍ॅप्रन धुवायला खाली यायचे. तिने मामांना सांगून त्यांतला साहेबांचा काढून घेतला आणि खुर्चीच्या पाठीवर टांगला. औषध नाही, सुई नाही, काही नाही. उंदरांनी सगळ्यांत जाड केसालाही पाय उचलला नाही. ती त्या रिकाम्या अ‍ॅप्रनकडे बघत राहिली, आणि खोलीत कुणी नसतानाही तिला दहा माणसांचं हसू ऐकू आलं.

आता हवा होता तो रकाना. त्या जुन्या वह्या कुठे असतील म्हणून तिने मामांना विचारलं. मामांनी बोटाने टेबलाखाली दाखवलं. सोळा वर्षं ती त्याच वह्यांवर पाय ठेवून बसली होती. सुतळी कापून तिने एकेक वही उघडली. सकाळी मु, दुपारी सा. सकाळी मु, दुपारी सा. साहेबांचं औषध म्हणजे साहेबच होते.

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. दादाशी तिचं बोलणं नव्हतं, जे काही कळायचं ते वहिनींकडून. वहिनींचा आवाज दबका होता, म्हणजे दादा शेजारच्या खोलीत असणार.

"ताई, तुम्हाला म्हणून सांगते. यांना गुण आलाय."

"कशाने?"

"मोठ्या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चाललीये ना, नसांच्या दुखण्याची. मीच नाव घातलं यांचं. चार महिने झाले. एकवीस नंबर आहे यांचा. अहो, काल पूर्ण बाहीचा शर्ट घातला आणि मनगटाचं बटण लावलं. मी लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली, पहिल्यांदा बघितलं. आणि यांना सांगू नका हं मी बोलले ते. तुमच्या संस्थेचं औषध आहे हे कळलं तर थुंकून टाकतील."

तिने फोन ठेवला आणि कपाळ टेबलावर टेकलं. एका हातात साहेबांना गाडायचं सामान होतं आणि दुसऱ्या हातात दादाचं मनगट. वह्या घेऊन वर गेली की चाचणी बंद, आणि चाचणी बंद म्हणजे दादाच्या गोळ्या बंद. सदतीस वर्षांपूर्वी तिने त्याचा टॉवेल उचलला होता. आता शर्टाचं बटण उघडायचं होतं.

अकरा दिवस ती गप्प बसली. कधी नव्हे ते मामांवर ओरडली नाही, तेव्हा मामांनीच विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दादा तिला हवा होता. त्याने एकदा नुसतं नावाने हाक मारावी एवढ्यासाठी तिने ते सगळं साहेबांच्या अ‍ॅप्रनसकट जाळून टाकलं असतं. पण बाराव्या दिवशी चाचणीचा अहवाल तिच्या वाचनात आला. एकशे चाळीस माणसांपैकी दोघांचं यकृत बिघडलं होतं. एक बाई पिवळी पडून अंथरुणाला खिळली होती. अहवालात त्याला किरकोळ म्हटलं होतं. निम्म्यांना खरी गोळी होती, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, पण कुणाची कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि एकवीस नंबरालाही यकृत होतं. ती वह्या उचलून पाच मजले चढली.

साहेब आता पासष्टीचे झाले होते, तरी खुर्ची सुटली नव्हती. त्यांनी वह्या पाहिल्या, अ‍ॅप्रनची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "आधी हात जड होता. आता नाक तिखट झालं?"

"चाचणी थांबवा."

"रुग्णांना बरं वाटतंय."

"कुणाला वाटतंय ते यादी उघडून बघा. निम्म्यांना नुसत्या पिठाच्या गोळ्या दिल्यात तुम्ही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "एकवीस नंबर तुझा भाऊ ना? आडनाव बघून मीच घेतला त्याला. म्हटलं, बहिणीला नाही तर भावाला तरी पटेल. चांगला माणूस आहे. परवा माझे हात धरून रडला." ते थोडं थांबले. "बंद झालं तर त्याला कोण सांगणार, तू?"

तिला त्या क्षणी साहेबांचा मनापासून द्वेष वाटला. ती म्हणाली, "मीच सांगेन."

तीन माणसांची समिती बसली. समितीसमोर चौथ्या मजल्यावर अ‍ॅप्रन टांगून आणि अ‍ॅप्रन काढून उंदीर तपासले गेले, आणि समितीतल्या दोन पुरुषांना त्या वेळी खोलीबाहेर उभं राहावं लागलं. चाचणी बंद झाली. साहेब महिनाभरात निवृत्त झाले. त्यांना निरोप द्यायला चारशे माणसं जमली, तिला बोलावणं नव्हतं. फोटो जिन्यात होता तिथेच राहिला. कुणी तिचं अभिनंदन केलं नाही. उलट समितीच्या प्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं, "बंद तुम्ही करायला लावलीत, आता उत्तरंही तुम्हीच द्या. जो विचारेल त्यालाच सांगायचं, त्याची गोळी कुठली होती ते. कुणी विचारलं, काय सांगितलं, रकान्यात लिहायचं." साहेबांनी जाता जाता रुग्णांना पाठवलेल्या पत्रातही तेच केलं होतं. या या बाईंच्या तक्रारीवरून उपचार थांबवण्यात येत आहेत, असं लिहून तिचं नाव आणि खोलीचा क्रमांक घातला होता.

यादी तिच्या टेबलावर आली तेव्हा तिने आधी एकवीस नंबर पाहिला. समोर लिहिलं होतं, रिकामी गोळी.

इतके महिने दादा पीठ गिळत होता. दादाची आग खोटी नव्हती हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आग विझली होती तीही खरीच. भेदरलेलं डोकं शरीराचं दुखणं दाबून टाकतं हे तिने उंदरांत पाहिलंच होतं. भरवसा बसलेलं डोकंही तेच करतं. दर पंधरा दिवसांनी इस्पितळातली एक मुलगी दादाला समोर बसवून विचारायची, कुठे दुखतं, किती दुखतं, रात्री झोप लागली का, आणि तो सांगेल ते लिहून घ्यायची. सदतीस वर्षांत हे कुणीच केलं नव्हतं. ती स्वतः दुखण्याची तज्ज्ञ, तिने उंदरांच्या पायांच्या दीड लाख नोंदी केल्या होत्या आणि दादाला एकदाही विचारलं नव्हतं.

पत्र गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मामांनी दार ढकललं. "बाई, तुमच्या नाकाचा एक माणूस आलाय."

दादा आत आला. अर्ध्या बाहीचा शर्ट, डावा हात अंगापासून लांब धरलेला. तिच्या खोलीत तो आजवर कधी आला नव्हता. त्याने जाळीकडे पाहिलं, केसांच्या डबीकडे पाहिलं, आणि खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"बस," ती म्हणाली.

"बसायला नाही आलो. हे नाव तुझंच ना?"

"माझंच."

"इतके दिवस मी शर्टाचं बटण लावलं," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "नातवाला या हाताने उचललं. पत्र आलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आधीपेक्षा जास्त."

"दोघांचं यकृत गेलंय, दादा."

"माझं गेलं होतं का? मला विचारलंस? तेव्हाही विचारलं नव्हतंस." त्याने उजवा हात टेबलावर टेकला. "इस्पितळात म्हणतात, निम्म्या लोकांना नुसतं पीठ होतं. माझी कुठली होती? त्यांना विचारणार होतो, पण म्हटलं तुलाच विचारावं. तुला सगळं माहीत असतं."

यादी दोघांच्या मध्ये होती आणि तिचा तळहात एकविसाव्या ओळीवर होता. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. त्यामागचं सगळं समजावायला तिच्याकडे शब्दही होते, आकृत्याही होत्या. पण दादाला त्यातलं एकच ऐकू आलं असतं, आईच्या आवाजात, की नाटक होतं. त्याने ते नातवासमोर, वहिनींसमोर, स्वतःसमोर मान खाली घालून वागवलं असतं, मरेपर्यंत. एक रकाना झाकला म्हणून ज्या बाईने एका माणसाला खुर्चीवरून खाली खेचलं, तिने तळहात उचलला नाही.

"औषधाची," ती म्हणाली.

"खरी?"

"खरी."

"म्हणजे मला लागू पडत होतं."

"तुला पडत होतं."

"आणि तू बंद केलंस."

"मी बंद केलं."

दादाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, बऱ्याच वर्षांचं मनातलं गणित शेवटी बरोबर आल्यासारखं. त्याचं दुखणं खरं होतं, त्याचं बरं होणं खरं होतं, आणि गुन्हेगारही तीच जुनी होती. "पीस तेव्हाही तुझ्याच हातात होतं," तो म्हणाला. "आता पुन्हा घरी येऊ नकोस. हिलाही फोन करायचा नाही. मी मेलो तरी यायचं नाही."

"नाही येणार."

दाराला स्प्रिंग होती. तो बाहेर पडताना दार मागून आलं आणि त्याच्या डाव्या मनगटाला जेमतेम घासलं. त्याने हात झटकून छातीशी घेतला आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. ती अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. थोड्या वेळाने जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग वरच्या खिडकीतून त्याचे बूट जाताना दिसले.

मामा दारातच होते. "भाऊ?"

"हो."

"तोडून गेले वाटतं."

"हो."

"काय विचारायला आले होते?"

तिने यादी सरळ केली, पेन उघडलं आणि एकवीस नंबरासमोरच्या रकान्यात लिहिलं, ‘विचारणा केली नाही’. खाली सही केली. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून झालेली ती एकच खोटी नोंद होती, आणि तिने ती कधीही दुरुस्त केली नाही.